पत्रकारितेची पदवी कुठून घ्यावी: बार्शी तालुक्यातल्या एका प्रवेशाचा हिशेब

२१ मे २०२४ रोजी बारावीचा निकाल लागला. बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या मुलीला कला शाखेत ७८ टक्के मिळाले आणि तिने घरात जाहीर केलं की मला पत्रकार व्हायचंय. वडिलांची तीन एकर जिरायत जमीन, त्यात तूर नि सोयाबीन. उरलेल्या दिवसांत बार्शीच्या आडत दुकानात काम. आई आशा स्वयंसेविका. धाकटा भाऊ दहावीत जाणारा. प्रवर्ग ओबीसी, उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या आतला. मी सोलापुरात वृत्तपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं उपसंपादक होते. मुलीच्या आईची नि माझी ओळख आरोग्य विभागाच्या एका बातमीतून झालेली. त्या ओळखीवर जूनच्या सुरुवातीला हे तिघं माझ्याकडे आले. त्यांच्या परवानगीने, नाव आणि गाव वगळून, तो सगळा निर्णय इथे मांडते आहे. घरी पैसा नाही पण बातमीदारीची ओढ आहे, अशा मुलामुलींना यातला हिशेब जवळजवळ तसाच वापरता येईल.

मुलीबद्दल एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं बरंच तिच्यावर ठरलं. तिने सोबत एक वही आणली होती. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्य सरकारने जे ४० तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले त्यात बार्शी होता. त्या उन्हाळ्यात गावात येणाऱ्या टँकरची तारीख, वेळ, कुठल्या गल्लीत रिकामा झाला, हे सगळं तिने लिहून ठेवलं होतं. मंजूर खेपा आणि प्रत्यक्ष खेपा यांचा मेळ लागत नव्हता, आणि खेपांच्या नोंदवहीवर सही कोण करतं, हे तिला शोधायचं होतं. कुणी सांगितलं नसताना तिने हे केलं होतं. मी डेस्कवर असताना अशी वही घेऊन येणारे प्रशिक्षणार्थी फार थोडे पाहिले. त्यामुळे या मुलीने पत्रकारितेत जावं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच संपला. उरला तो कुठून जावं आणि किती खर्चात, हा.

समोर असलेले तीन पर्याय

त्यांच्याकडे तीन माहितीपुस्तिका होत्या. पहिली पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाची. पत्रकारिता नि जनसंज्ञापन, तीन वर्षांची पदवी, मुखपृष्ठावर दिव्यांनी उजळलेला स्टुडिओ. दुसरी ठाण्यातल्या एका महाविद्यालयाची, मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी हा अभ्यासक्रम, म्हणजे माध्यमं आणि जनसंज्ञापन यांतली बी.ए. पूर्वी याचं नाव बीएमएम होतं, २०१९-२० पासून ते बदललं. शेवटच्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांतली एक वाट निवडायची. तिसरी पुण्यातल्या एका माध्यम संस्थेची, एक वर्षाचा डिप्लोमा, ‘थेट न्यूजरूममध्ये प्रशिक्षण’ असं आश्वासन.

तिसऱ्या पर्यायाचा निकाल सगळ्यात लवकर लागला. मी मुलीला तिथे फोन करून एकच गोष्ट विचारायला सांगितली: प्रमाणपत्रावर कुठल्या विद्यापीठाचं नाव येईल? पलीकडून ‘इंडस्ट्रीत मान्यता आहे’, ‘डिग्रीच्या तोडीचा आहे’ अशी उत्तरं आली, विद्यापीठाचं नाव काही आलं नाही. १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. संस्था कितीही नावाजलेली असो, ती या चौकटीत नसेल तर तिचा कागद पदवी ठरत नाही. पत्रकार व्हायला पदवीची सक्ती नाही, हे खरं. वकिलांना बार कौन्सिल असते तशी पत्रकारांना सनद देणारी कुठलीही संस्था आपल्याकडे नाही, आणि प्रेस कौन्सिलचं ते कामही नाही. पण बारावीनंतर पदवीशिवाय राहिलेल्या मुलीला उद्या बातमीदारी सोडून दुसरीकडे वळावं लागलं, तर पदवी मागणाऱ्या स्पर्धा परीक्षा, महाविद्यालयात शिकवणं आणि त्यासाठीच्या नेट-सेट या पात्रता परीक्षा, हे सगळे रस्ते बंद होतात. पदवी हातात असलेल्या माणसाला एक वर्षाचा डिप्लोमा उपयोगी पडू शकतो. पदवीच्या जागी तो घेणं तिच्यासाठी धोक्याचं होतं. ती पुस्तिका आम्ही बाजूला ठेवली.

खासगी विद्यापीठाबद्दल मात्र निष्पक्षपणे सांगायला हवं. ते राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं आणि आयोगाच्या यादीत असलेलं होतं. त्याच्या पदवीत खोट नव्हती. प्रश्न पैशांचा होता, आणि पुढे दिसेल तसा शिकवणुकीचाही.

पैशांचा कागद

मी आई-वडिलांना बसवून एका कागदावर फीऐवजी पूर्ण खर्च लिहायला लावला. माहितीपुस्तिकेत पहिल्या वर्षाची शिकवणी फी ठळक असते. वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क, अनामत, लॅपटॉप, इंटर्नशिपच्या काळातला प्रवास, हे सगळं शेवटच्या पानांवर तरी असतं किंवा नसतंच.

खासगी विद्यापीठाने वर्षाला १,६०,००० रुपये फी सांगितली होती. वसतिगृह आणि मेस मिळून १,१०,०००. तीन वर्षांचे झाले ८,१०,०००, आणि यात लॅपटॉप धरलेला नाही. ठाण्याच्या महाविद्यालयाची फी वर्षाला ३२,००० होती. ज्या महाविद्यालयात अनुदानित बी.ए. काही हजारांत होते, तिथेच हा अभ्यासक्रम महाग का, असं वडिलांनी विचारलं. कारण साधं आहे. माध्यमांचे पदवी अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. शिक्षकांचा पगार सरकार देत नाही, तो विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो. त्यात ठाण्यात राहणं-जेवणं महिन्याला ९,००० धरलं आणि वर्षाचे दहा महिने धरले, तर तीन वर्षांचा एकूण खर्च ३,६६,००० येत होता.

खासगी विद्यापीठासाठी शैक्षणिक कर्ज काढू, असं वडील म्हणाले. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही, आणि पुढेही हमी योजनेत काही मर्यादेपर्यंत मिळतं, हे त्यांना बँकेतून कळलं होतं. कर्ज मिळेल याबद्दल मलाही शंका नव्हती. मी फक्त हप्ता काढून दाखवला. सहा लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याला सुमारे ७,९०० रुपये. शिक्षण चालू असताना साचणारं व्याज त्यात नाही. माझ्या काळात आणि नंतरही जिल्हा आवृत्तीत नव्या उपसंपादकाच्या हातात पंधरा-वीस हजारांच्या आसपासच पगार पडताना मी पाहिला आहे. तालुक्याच्या वार्ताहराला तर कित्येकदा मानधनावर भागवावं लागतं. त्यातून आठ हजार दरमहा गेले की ही मुलगी बातमीदारी दोन वर्षांत सोडेल आणि जनसंपर्काच्या एखाद्या नोकरीत जाईल. तिकडे जाण्यात कमीपणा नाही. पण तिने जे काम करायचं ठरवलं ते कर्जापायी सोडावं लागणार असेल, तर त्या पदवीने तिला नेमकं काय दिलं? पत्रकारितेच्या शिक्षणात स्वस्त-महाग हा प्रश्न माझ्या मते इथे येऊन थांबतो: पदवीचं कर्ज पत्रकाराच्या पहिल्या पगारातून फिटतं का. अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापनाच्या फीशी इथे तुलना करून चालत नाही.

‘मोफत शिक्षणा’बद्दलचा गैरसमज

“पण मॅडम, पोरींना फी माफ हाय म्हणले की तिथं,” असं आई म्हणाली. खासगी विद्यापीठाच्या प्रवेश सल्लागाराने फोनवर ‘शासनाची योजना येतेय, मुलींचं शिक्षण मोफत होणार आहे’ असं सांगितलं होतं. त्या महिन्यांत ही घोषणा गाजत होती, त्यामुळे घरच्यांना ते खरं वाटलं यात नवल नाही.

८ जुलै २०२४ला शासन निर्णय निघाला आणि चित्र स्पष्ट झालं. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना शिक्षण शुल्क नि परीक्षा शुल्कात शंभर टक्के लाभ, पण तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्यांना. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली. म्हणजे हे विद्यापीठ दोन्ही अटींत बसत नव्हतं. त्या सल्लागाराचा हेतू काय होता ते मी सांगू शकत नाही, पण त्याच्या शब्दावर पहिला हप्ता भरला असता तर पुढचे सगळे हप्ते शेतीतून काढावे लागले असते.

ज्यांच्यापुढे असाच प्रसंग असेल त्यांना मी कळकळीने सांगते: योजनेचं नाव ऐकून थांबू नका. आपला अभ्यासक्रम, नेमकं तेच महाविद्यालय आणि आपला प्रवर्ग या तिन्हींना मिळून महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर कुठली योजना दिसते, ते महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागातून लेखी घ्या. ‘होऊन जाईल’ हे उत्तर मोजू नका.

दुसरा दबाव होता जागेचा. ‘या आठवड्यात २५ हजार भरून सीट पक्की करा, नाहीतर जाईल.’ इथे विद्यापीठ अनुदान आयोगाचं शुल्क परताव्याचं धोरण उपयोगी पडलं. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कापून परत, असं त्यात होतं. मी म्हटलं, नियम तुमच्या बाजूने आहे, पण परताव्यासाठी भांडायला पुण्याला खेपा तुम्हालाच घालाव्या लागतील. पैसे भरले नाहीत.

राहण्याच्या खर्चासाठी मात्र एक खरा आधार होता. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अनुसूचित जातींसाठीच्या स्वाधार योजनेच्या धर्तीची. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, लहान ठिकाणी त्याहून कमी. पण जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, गुणांची अट आहे, आणि अशा योजनांचे पैसे वर्ष सरत आल्यावर हातात पडतात. म्हणून आम्ही एक नियम केला. पहिल्या वर्षाचा खर्च ही रक्कम शून्य धरून भागायला हवा. आली तर पुढच्या वर्षाला.

दर्जा कशावरून ओळखायचा

पैशांचं मिटलं तरी दर्जाचा प्रश्न राहतोच. स्वस्त पण निकृष्ट पदवी घेतली तर तीन वर्षं फुकट जातात, आणि ती कुठल्याही फीपेक्षा महाग पडतात.

इथे नेहमीची मापं कामाला येत नाहीत. नॅक ही महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था जी श्रेणी देते, ती संपूर्ण महाविद्यालयाची असते. विज्ञान शाखा उत्तम असलेल्या महाविद्यालयाला ‘अ’ श्रेणी मिळते, आणि त्याच्या माध्यम विभागात एकही पूर्णवेळ प्राध्यापक नाही असं होऊ शकतं. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत अभियांत्रिकी, विधी, औषधनिर्माण अशा वर्गवाऱ्या आहेत, पत्रकारितेची नाही. तेव्हा ‘देशात अमुक क्रमांक’ असं कुणी सांगितलं तर तो क्रमांक कुणी दिला, हे विचारायलाच हवं.

मी मुलीला एकच वस्तू मागून आणायला सांगितली: विद्यार्थ्यांनी काढलेला ताजा प्रायोगिक अंक. प्रत्येक पत्रकारिता विभाग विद्यार्थ्यांकडून वृत्तपत्र, नियतकालिक किंवा बातमीपत्र काढून घेतो, निदान तसं अभ्यासक्रमात लिहिलेलं असतं. तो अंक कधी निघाला, वर्षाला किती निघतात आणि त्यात कुठल्या बातम्या आहेत, यावरून विभागाबद्दल जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशावरून कळत नाही.

खासगी विद्यापीठाचा अंक गुळगुळीत कागदावर, चारही रंगांत छापलेला होता. आत वार्षिक महोत्सव, प्रमुख पाहुण्यांचं स्वागत, कुलगुरूंचा संदेश, एका अभिनेत्याची भेट, आणि प्रवासवर्णन. संपूर्ण अंकात आवाराच्या बाहेर जाऊन केलेली एकही बातमी नव्हती. कुणा विद्यार्थ्याने पोलीस ठाण्यात, महापालिकेत किंवा बाजार समितीत जाऊन कुणाला प्रश्न विचारलेला दिसत नव्हता. स्टुडिओबद्दल तिने तिथल्याच दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला विचारलं. सत्रात एकदा-दोनदा कॅमेऱ्यासमोर उभं राहायला मिळतं, संकलनाची संगणकं पुरत नाहीत, असं ती म्हणाली.

मग मी तिला माझ्याकडचा एक अंक दाखवला, एका राज्य विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातल्या एम.ए.च्या मुलांनी काढलेला. आठ पानं, काळी-पांढरी, दोन मथळ्यांत मुद्रितशोधनाच्या चुका. पण पहिल्या पानावर शहरातल्या रिक्षाथांब्यांची बातमी होती, आत नगरसेवकाचं म्हणणं, वाहतूक शाखेचं म्हणणं आणि एका रिक्षाचालकाचा दिवसाचा हिशेब. बातमीत त्रुटी होत्या, ती थोडी लांबली होती. तरी ती बातमी होती. मुलीने दोन्ही अंक शेजारी ठेवले आणि बराच वेळ वाचत राहिली. तिच्या वडिलांनीही वाचले. मला वाटतं, आठ लाखांचा मोह त्या घरातून तिथे उतरला.

अंकानंतर विचारायचे प्रश्न थोडे आहेत. पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती? इथे सरकारी विभागांचीही बाजू कमकुवत आहे. राज्य विद्यापीठांत प्राध्यापकांची पदं रिक्त राहतात, आणि एक-दोन कायम शिक्षकांवर चालणारे विभाग आहेत. तिथे बाहेरून शिकवायला येणारे पत्रकार कोण आहेत, ते खरोखर येतात का, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारावं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला, म्हणजे ओजेटीला, श्रेयांक आहेत. ती जागा विभाग मिळवून देतो की विद्यार्थ्याने स्वतः शोधायची? गेल्या वर्षीची मुलं आज कुठे लिहितात? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांऐवजी पाच जणांच्या बायलाईन, म्हणजे त्यांच्या नावाने छापलेल्या बातम्या, दाखवा म्हणावं. आणि अभ्यासक्रम स्वतः वाचावा. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर तो असतो. माध्यम कायदे, माहितीचा अधिकार, आकडेवारी वाचण्याचं शिक्षण, स्थानिक स्वराज्य संस्थांचं कामकाज हे त्यात आहे का, की नुसता संज्ञापनाच्या सिद्धांतांचा भरणा आहे?

भाषेचाही विचार करावा लागतो. खासगी विद्यापीठात शिकवणं इंग्रजीतून होतं. ही मुलगी मराठीत लिहिणार होती. तिला इंग्रजी वाचता येणं आवश्यक आहे, त्याशिवाय न्यायालयाचा निकाल किंवा महालेखापालांचा अहवाल हाताळता येणार नाही. पण तिची कॉपी, म्हणजे लिहिलेल्या बातमीचा मजकूर, मराठीत तपासणारा, तिच्या वाक्यावर लाल रेघ मारणारा माणूस तिला हवा होता.

चौथा पर्याय

मी सुचवलं ते तिन्ही पुस्तिकांत नव्हतं. आत्ता पत्रकारितेची पदवी घेऊच नकोस. अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र घेऊन बी.ए. कर, आणि पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी राज्य विद्यापीठाच्या विभागातून घे.

यामागचं माझं मत स्पष्ट आहे. बातमी लिहिण्याचं तंत्र दोन वर्षांत नीट शिकता येतं. पण ज्याच्याबद्दल लिहायचं त्या विषयाची पकड यायला वेळ लागतो. डेस्कवर असताना अर्थसंकल्प वाचता येणारा, जिल्हा परिषदेच्या ठरावातला आकडा पकडणारा, कांद्याच्या भावामागची निर्यातबंदी समजावून सांगणारा माणूस आम्हाला नेहमी कमी पडायचा. मथळा देणारे पुष्कळ होते. सोलापूरची बाजार समिती कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. तिथल्या आवकेचा अर्थ समजणारी बातमीदार या जिल्ह्याला हवी आहे.

खर्चाचा कागद पुन्हा काढला. अनुदानित बी.ए.ची फी वर्षाला पाच हजारांच्या आसपास, तीन वर्षांचे १५,०००. सोलापुरात एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात राहणं-जेवणं महिन्याला ४,५००, म्हणजे तीन वर्षांचे १,३५,०००. पुढे दोन वर्षं मोठ्या शहरात एम.ए., फी वर्षाला २०,००० आणि राहणं ९०,००० धरून २,२०,०००. पाच वर्षांचे मिळून ३,७०,०००. ठाण्यात तीन वर्षांच्या पदवीला जितके लागत होते, जवळजवळ तितक्यातच पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही, आणि तेही कुठलीही योजना न धरता. खासगी विद्यापीठाच्या निम्म्याहूनही कमी.

मुलगी लगेच राजी झाली नाही. “म्हणजे तीन वर्षं मी पत्रकारिता शिकणारच नाही?” असं तिने विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता. अठराव्या वर्षी कॅमेरा, सोबतीला त्याच वेडाची मुलं, संकलनाचं सॉफ्टवेअर, हे सगळं तिला तीन वर्षं उशिरा मिळणार होतं. ते नुकसान खरं आहे, आणि मी ते तिच्यापुढे कमी करून मांडलं नाही. तिला दृश्य माध्यमात, माहितीपटात किंवा जाहिरातीत जायचं असतं, तर मी ठाण्याचा पर्याय सुचवला असता. त्या कामात हात लवकर बसावा लागतो, आणि मुंबईत राहण्याचा फायदा मोठा आहे. मुंबई-ठाण्यात ज्यांचं घर आहे त्यांच्यासाठी तर राहण्याचा खर्च जाऊन बीएएमएमसी सहज परवडणारा ठरतो. माझं उत्तर या मुलीपुरतं होतं, जिची वही टँकरच्या खेपांनी भरली होती.

वडिलांचा आक्षेप वेगळा होता. अर्थशास्त्रच शिकायचं तर बार्शीत महाविद्यालयं आहेत, घरून जाऊन येता येईल, एसटीचा विद्यार्थी पास आहे, वर्षाचे ४५ हजार वाचतील. यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. बार्शीत तिचं बी.ए. तितकंच चांगलं झालं असतं, हे मी मान्य केलं. पण जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महापालिका, जिल्हा न्यायालय, आकाशवाणी केंद्र, ‘संचार’सारखं शहराचं स्वतःचं दैनिक आणि इतर वृत्तपत्रांची जिल्हा कार्यालयं सोलापुरात आहेत. पत्रकारितेची पदवी पुढे ढकलायची असेल तर पत्रकारितेच्या जागा तरी जवळ हव्यात. त्या ४५ हजारांना मी फीच समजत होते. शेवटी आईने कौल दिला: “एक वरीस बघू. नाय जमलं तर बार्शी हायच.”

देशपातळीवरच्या केंद्रीय विद्यापीठांचा विचार करायला तेव्हा उशीर झाला होता. त्यांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेचा अर्ज बारावीच्या निकालाच्या बराच आधी भरावा लागतो; २०२४मध्ये तो मार्चच्या सुमारास होता. गावाकडच्या महाविद्यालयांत हे कुणी सांगत नाही, आणि म्हणून कमी फीच्या कितीतरी चांगल्या जागा आपल्या मुलांच्या हातून जातात. बारावीला असलेल्यांनी अर्जाच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीपासूनच पाहत राहावं.

पुढे काय झालं

ती आता दुसऱ्या वर्षात आहे. पहिल्या वर्षी सगळं मिळून ५४ हजार लागले, अंदाजापेक्षा चार हजार जास्त. आधार योजनेच्या यादीत पहिल्या वर्षी नाव आलं नाही, दुसऱ्या वर्षी आलं. इनस्क्रिप्ट कळफलकावर ती मराठी टाइप करते. ते तिने पहिल्याच सुट्टीत शिकून घेतलं, आणि प्रत्येक मुलाने तसं करावं असा माझा आग्रह आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तिने माहिती अधिकारात टँकरच्या नोंदवहीच्या प्रती मागवल्या आणि मिळवल्या. जिल्हा आवृत्तीत तिचे दोन लेख आले, एक शेतमजूर महिलांच्या रोजावर आणि एक वसतिगृहांच्या अर्जांवर. दोन्ही मी आधी वाचले होते आणि दोन्हींतला बराच भाग कापायला लावला होता.

एम.ए.साठी आम्ही यादी केली आहे. सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाचा जनसंज्ञापन विभाग, म्हणजे राहण्याचा खर्च वाढणार नाही. छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि नांदेडच्या विद्यापीठांतले विभाग. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत, १९६४ साली सुरू झालेला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग. २०२१मध्ये विद्यापीठाने हा विभाग तिथून हलवून दुसऱ्या विभागात विलीन करायचा निर्णय घेतला तेव्हा आजी-माजी विद्यार्थी विरोधात उभे राहिले आणि तो निर्णय थांबला. माजी विद्यार्थी ज्या विभागासाठी असे धावून येतात, तिथे नव्या मुलाला पहिली ओळख मिळण्याची शक्यता मोठी, असं मी तिला सांगितलं आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, आणि तिथे मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम २०१७पासून चालतो. तो पदव्युत्तर डिप्लोमा आहे, एम.ए. नव्हे. नेट-सेट देऊन पुढे शिकवायचं मनात असेल तर पदव्युत्तर पदवीच लागते, त्यामुळे अमरावती तिने दुसऱ्या क्रमांकावर ठेवली.

एक निर्णय अजून बाकी आहे. नव्या रचनेत तिला तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. तिच्या प्राध्यापकांना तिने अर्थशास्त्राचं चौथं वर्ष करावं असं वाटतं. माझं मत तिसऱ्या वर्षीच बाहेर पडण्याचं आहे. विषय बदलून पत्रकारितेला जायचं तर त्या चौथ्या वर्षाचा फायदा थोडा, आणि खर्च आणखी पन्नास हजारांचा. ती दोन्हीकडचं ऐकते आहे. एम.ए.साठी कर्ज लागलंच तर दीड लाखाच्या वर जायचं नाही, एवढं मात्र घरात ठरलं आहे. दहा टक्क्यांनी पाच वर्षांत त्याचा हप्ता महिन्याला सुमारे ३,२०० बसतो, आणि जिल्हा आवृत्तीच्या पहिल्या पगारातून तो भरता येतो.